भाजीला की औषधाला?

किराणा दुकानात पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी पन्नास ग्रॅम दालचिनी मागितली. बरणीकडे हात नेता नेता दुकानदाराने विचारलं, "भाजीला की औषधाला?" बाई म्हणाल्या, "औषधाला. ह्यांची शुगर वाढलीय, सकाळी पाण्यात उकळून द्यायचीय." त्याने मान डोलावली आणि आधीच्या गिऱ्हाइकाला बिर्याणीसाठी ज्या बरणीतून दालचिनी दिली होती, त्याच बरणीतून पन्नास ग्रॅम तोलून पुडी बांधली. दोन्हीला माल एकच, तर मग विचारलं कशाला? कदाचित नुसतंच बोलायचं म्हणून. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो अगदी योग्य होता. नेमका दालचिनीच्या बाबतीत तर फारच योग्य. चुकलं ते उत्तर ऐकल्यावर हात त्याच बरणीत गेला, तिथे.

2020 साली घरोघरी काढे उकळायला लागले, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका ही यादी लहान पोरांनाही पाठ झाली, आणि तेव्हापासून मिसळणाच्या डब्याकडे औषधाचं कपाट म्हणून बघायची सवय लागली ती लागलीच. रोज सकाळी फोनवर कुणीतरी सांगत असतं की जिऱ्याने वजन उतरतं, मेथीने साखर उतरते, हळदीने सगळंच उतरतं. किती घ्यायचं, कशात घ्यायचं, कच्चं की तापवून, हे मात्र कुणी सांगत नाही. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हेच विचारावंसं वाटतं, कारण डब्यातली एकही वाटी अशी नाही की तिच्यातली वस्तू तेलात, पाण्यात आणि कोरडी सारखीच वागते.

मोहरीच घ्या. चिमूटभर कच्ची मोहरी तोंडात टाकून चावली तर पहिले दोन-तीन क्षण काहीच होत नाही, थोडी कडसर लागते. मग एकदम नाकात झणका जातो. कोरड्या, अख्ख्या दाण्यात हा तिखटपणा नसतोच. दाण्यात एक गंधकाचं द्रव्य असतं आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं एक एन्झाइम. दाणा फुटला, त्याला ओल मिळाली, की दोघं भेटतात आणि तिखटपणा तयार होतो. म्हणून रायत्याला मोहरी फेसताना ती आधी कुटायची, थोडं गार पाणी घालायचं आणि नाकाला लागेपर्यंत घोटत राहायचं. पाणी गारच हवं. गरम पाणी घातलं तर ते एन्झाइम निकामी होतं आणि वाटीत नुसता कडवट पिवळा गोळा राहतो. कैरीच्या लोणच्याला फोडणी पूर्ण गार करून घालतात त्यामागेही हेच आहे. किलोभर कैरीला साधारण शंभर ग्रॅम मोहरीची डाळ पडते. तिच्यावर कढत तेल ओतलं की लोणचं पहिल्या दिवसापासून कडू. घाई असेल तर तेल परातीत ओतून गार करावं, पण गारच करावं.

तीच मोहरी फोडणीत वेगळीच होते. तापलेल्या तेलात दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, साल फाटते, दाणा तडतडतो. तिखटपणा जन्मायच्या आधीच मरतो आणि उरते ती भाजलेल्या दाण्याची खमंग चव. म्हणून फोडणीतली मोहरी कितीही चावा, ती नाकाला झोंबत नाही.

फोडणीचा क्रम सगळ्यांना येतो. तो तसा का, हे माहीत असलं की चुका कमी होतात. चौघांच्या भाजीला दीड-दोन मोठे चमचे तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, तितकंच किंवा थोडं कमी जिरं, चिमूट-दोन चिमटी हिंग, पाव चमचा हळद. तेलात आधी मोहरीचे दोनच दाणे टाकून बघावेत. तळाशी जाऊन गप्प बसले तर थांबायचं. टाकताक्षणी उडाले तर बाकीची मोहरी घालायची. तेलातून धूर निघायला लागला असेल तर गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्यायचा. मोहरी पहिली, कारण तिला सगळ्यात जास्त आच लागते आणि ती सोसतेही. तिचा आवाज ओसरू लागला की आच मंद करायची. जिरं लांबट, पातळ, त्याला पाच-सात सेकंद पुरतात. काळं पडलं तर सगळी भाजी जळकी लागते. मेथीचे आठ-दहा दाणे घालायचे असतील तर ते बदामी होईपर्यंतच, तांबडे झाले की गेले. मग हिंग, कढीपत्ता, आणि सगळ्यात शेवटी हळद-तिखटाची पूड. दळलेल्या वस्तूला सगळीकडून तेल लागतं, ती क्षणात करपते. हळदीला तीन-चार सेकंद. तिखट तर गॅस बंद करूनच घालावं आणि लगेच वर भाजी किंवा पाणी. लोखंडी कढल्यात फोडणी करणाऱ्यांनी तर हे जास्तच सांभाळायचं, कारण आच बंद केली तरी कढलं तेल तापवतच राहतं. घरभर ठसका उठला तर समजावं की तिखट जळलं आहे. ती फोडणी टाकून द्यावी आणि दुसरी करावी. चमचाभर तेल वाया गेलं तर जाऊ दे, भाजी तरी वाचते.

उलटी चूक जास्त घरांत होते. तेल पुरतं न तापता मोहरी पडते, मग ती तडतडायची वाट न बघता भाजी पडते. कच्च्या मोहरीचे कडू दाणे मग पानात बाजूला काढले जातात.

हिंगाची गंमत निराळी. फेरुला नावाच्या झाडाच्या मुळाला चीर देऊन निघालेला हा डिंक. तो येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानाकडून. आपल्या स्वयंपाकाचा एवढा मोठा भाग ज्यावर उभा आहे, ते झाड आपल्याकडे लावायला सुरुवात झाली ती 15 ऑक्टोबर 2020 ला, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने रोपं दिली. झाडाला चीक द्यायला पाच वर्षं तरी लागतात. डबीत मिळतो तो बांधानी हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र की त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि खायचा डिंक मिसळून तो वापरण्याजोगा करतात. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत, हे पथ्य सांभाळणाऱ्या घरांत हमखास सुटून जातं. कच्च्या हिंगाचा वास नकोसा असतो, आणि तोच तेलात पडला की कांदा-लसणाच्या जवळ जातो. म्हणून कांदा-लसूण नसलेल्या वरणाला, आमटीला हिंग जास्त लागतो. खडा हिंग असेल तर आधी थोड्या तेलात फुलवून घ्यावा. चांगला फुलला की बोटाने चुरडतो. न फुलवता कुटला तर खलबत्त्याला चिकटतो आणि पुढे चार दिवस त्या खलबत्त्यात वेलची कुटता येत नाही.

आता हळद. हिच्याबद्दल इतकं बोललं जातं की सरळ हिशेबच करून बघावा. जिच्या गुणांचा एवढा बोलबाला होतो ते हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. चांगल्या हळदीत ते असतं साधारण तीन टक्के, फार तर पाच. भाजीत घातलेली पाव चमचा हळद म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास. त्यात कर्क्युमिन वीस-पंचवीस मिलिग्रॅम, आणि ती भाजी चार माणसं खातात. ज्या चाचण्यांचे दाखले दिले जातात त्यांत दिवसाला पाचशे ते हजार मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त दिलेलं असतं. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं तर माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिनचं प्रमाण वीस पट वाढतं. हळदीच्या दुधात मिरपूड आणि तूप घालण्याला त्यामुळे एक आधार मिळाला, हे खरं. पण पायपरीन हळदीसारखीच काही औषधंही रक्तात जास्त जाऊ देतं, फिट्सवरची फेनिटॉइन त्यातलीच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना हळदीच्या कॅप्सूल घेणं धोक्याचं, आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झालेल्या आहेत. आमटीतल्या हळदीने असं काही होत नाही. ती तिथे रंगासाठी आहे, मातकट उबदार वासासाठी आहे, आणि तेवढं काम ती चोख करते.

जखमेवर हळद लावायचं ज्ञान अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने 1995 मध्ये पेटंट करून घेतलं होतं, ते शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून 1997 मध्ये रद्द करवलं. तो अभिमान रास्तच. पण त्या लढाईचा मुद्दा 'हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं' एवढाच होता; हळद प्रत्येक दुखण्यावर चालते असा निकाल काही तिथे लागला नव्हता. लोक दोन्ही एकत्र करतात.

हळद घेताना पुडीपेक्षा हळकुंड घ्यावं, निदान वर्षातून एकदा तरी. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला त्याच्या आधीच मिळालं होतं. शेतातून काढलेले गड्डे आधी शिजवतात, मग उन्हात वाळवतात, मग घासून वरची खरखरीत साल काढतात. नीट शिजलेलं, नीट वाळलेलं हळकुंड दगडावर आपटलं तर खणकन वाजतं, आणि मोडलं तर आत एकसारखा नारिंगी-पिवळा रंग दिसतो. आत फिकट गाभा आणि कडेला गडद असेल तर शिजवण्यात घाई झालेली आहे. सांगलीजवळ हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. वरून तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, रंग टिकायचा. 2005 च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. तयार पूड तपासायची असेल तर ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा सोडून हलवू नये. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी लगेच गडद होतं.

आणि डाग. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू ह्याच गुणावर बनतं. म्हणून पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि घाबरून साबण लावला की डाग एकदम लालभडक दिसतो. घाबरायचं नाही. साबण धुऊन काढला की तो पुन्हा पिवळा होतो, आणि मग सदरा थेट उन्हात. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, दोन दुपारींत डाग जातो. ह्याच कारणाने हळदीची काचेची बरणी खिडकीत ठेवू नये. ते बघायला छान वाटतं, पण दोन महिन्यांत पूड फिकी पडते.

दालचिनीकडे येतो. बाजारात ह्या नावाने दोन साली मिळतात. एक श्रीलंकेकडची, कोकणातही होते ती: कागदासारखे पातळ बरेच पदर एकात एक गुंडाळलेले, बोटांनी सहज चुरा होणारी, रंगाने फिकट तपकिरी, वासाला सौम्य आणि गोडसर. दुसरी कॅशिया: जाड, एकाच पदराची, गडद, टणक, मोडताना कट्कन आवाज करणारी, वासाला भरघोस. किराणा दुकानाच्या बरणीत बहुतेक वेळा कॅशियाच असते, कारण ती स्वस्त आहे आणि पुलावात तिचाच वास उठतो. पुलावाला ती हवीच, त्यात कमीपणा काही नाही. पण कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, जे काही माणसांच्या यकृताला सोसत नाही. युरोपात ठरवलेली मर्यादा आहे रोज किलोभर वजनामागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅमात सरासरी तीन मिलिग्रॅमच्या आसपास कुमारिन निघतं. चमचाभर पूड म्हणजे अडीच ग्रॅम. हिशेब तिथेच मर्यादेबाहेर जातो. पाच माणसांच्या पुलावात पडलेल्या दोन इंची तुकड्याने काही बिघडत नाही, तो तर आपण ताटाच्या कडेला काढूनही ठेवतो. रोज सकाळी, महिनोन्‌महिने, चमचाभर पूड ही वेगळी गोष्ट आहे. पातळ दालचिनीत कुमारिन नाममात्र असतं. शुगर उतरवण्याबद्दल दोन्हींचे पुरावे डळमळीतच आहेत. पण घ्यायचीच असेल तर कुठली, हे सांगणं दुकानदाराला अवघड नव्हतं. आणि घेणाऱ्याने डॉक्टरांना तेवढं कळवावं, कारण शुगरची गोळी चालूच असते. मेथीचंही तसंच. भिजवलेल्या चमचा-दोन चमचे मेथीतला चिकट तंतू साखर रक्तात सावकाश जाऊ देतो, हे बऱ्यापैकी तपासलेलं आहे, आणि म्हणूनच गोळीबरोबर ती घेताना साखर फार खाली जाणार नाही ह्याकडे लक्ष हवं.

लवंगेचं औषधपण मात्र निर्विवाद. दाताच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो तो लवंगेतल्या युजेनॉलचा. दाढ भरायच्या लेपात ते वापरतात. दुखऱ्या दाढेखाली अख्खी लवंग दाबून धरली की जागा बधिर होते, रात्र निभते. लवंगेचं तेल मात्र नुसतं ओतू नये, हिरडी भाजते. लवंग घेताना डोक्याखालच्या देठात नख रुतवावं. तेलाचा ओलसर ठिपका आला तर माल ताजा. काही लवंगांतलं तेल आधीच काढून घेतलेलं असतं, त्या हलक्या, सुरकुतलेल्या असतात आणि पाण्यात आडव्या तरंगतात. जायफळाला तर हात आखडताच हवा: पुरणाला पाव जायफळ किसून पुरतं, दोन जायफळं कुणी खाल्ली तर भ्रम होऊन दवाखान्यात न्यायची वेळ येते. ओवा अन्नावरून चमचाभर चावावा, त्यातल्या थायमॉलने पोट हलकं होतं. भज्यांच्या पिठात टाकताना तळहातावर चोळून टाकावा, अख्खा टाकला तर चार भज्यांत एकात वास येतो.

तिरफळाकडे औषध म्हणून कुणी वळत नाही, बरंच आहे. बांगड्याच्या आमटीत आठ-दहा तिरफळं पडतात. आतली काळी बी काढून टाकायची, ती कडू आणि कचकचीत असते. घ्यायचं ते वरचं टरफल. वाटायचं नाही, फक्त ठेचायचं, आणि आमटी उतरवायच्या पाच मिनिटं आधी सोडायचं. जास्त उकळलं तर जिभेला येणाऱ्या मुंग्या जातात आणि कडवटपणा मागे राहतो.

ह्या सगळ्या वाट्यांचा कस लागतो तो गोड्या मसाल्यात, आणि तिथे भाजणं हेच सगळं आहे. अंदाज असा: धणे पाव किलो, सुकं खोबरं शंभर ग्रॅम, तीळ पन्नास, जिरं पंचवीस, दगडफूल दहा, दालचिनी दहा, लवंग, मिरी, तमालपत्र, मसाला वेलची प्रत्येकी पाच, हळकुंड दहा, खडा हिंग पाच ग्रॅम, आणि रंगापुरत्या आठ-दहा सुक्या मिरच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. एकत्र टाकले की तीळ जळतात तेव्हा धणे अजून कच्चे असतात. आधी कोरडे: तीळ फुगून हलके होईपर्यंत, मग खोबऱ्याचा कीस तांबूस होईपर्यंत, सतत हलवत, कारण खोबरं रंग घ्यायला वेळ लावतं आणि मग अर्ध्या मिनिटात हाताबाहेर जातं. मग चमचा-चमचा तेलावर बाकीचे. धण्यांना मंद आचेवर दहा-बारा मिनिटं द्यावीतच. बोटांत चुरडून बघावं, कुरकुरीत चुरा झाला पाहिजे. धणे कच्चे राहिले तर मसाल्याला हिरवट, गवताळ वास येतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. हळकुंड आणि हिंग तेलात तळून कुटून घ्यायचे. सगळ्यात शेवटी गॅस बंद करून उरलेल्या उबेवर दगडफूल. ते फूल नव्हे, झाडाच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारी बुरशी आणि शेवाळ यांची जोडगोळी. निवडताना सालीचे तुकडे आणि माती झटकून टाकायची. कच्चं हुंगलं तर ओल्या लाकडासारखा मंद वास, काहीच खास नाही. गरम तेल लागताच तो खोल, धुरकट होतो आणि गोड्या मसाल्याला त्याचा स्वभाव मिळतो तो इथे. दहा ग्रॅमच्या जागी वीस पडलं तर मात्र आमटीला मातीचा वास.

दळायच्या आधी सगळं पुरतं गार हवं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. कोमट दळलं की वाफ धरते, गुठळ्या होतात. मिक्सरमध्ये करताना थांबत थांबत फिरवावं, आणि खोबरं-तीळ वेगळे, शेवटी. त्यांना तेल सुटून भांड्याच्या तळाशी थर बसतो. चाळून, चाळ पुन्हा दळून, हाताने एकजीव करून काचेच्या बरणीत दाबून भरावा, वर हिंगाचा खडा.

आणि तो वापरताना फोडणीच्या तेलात घालू नये. लाल तिखटाच्या सवयीने बरेचजण घालतात. ह्या मसाल्यातलं सगळं एकदा भाजून झालेलं आहे, खोबरं आणि तीळ दुसऱ्यांदा कढत तेलात पडले की करपतात आणि आमटी काळी, कडवट होते. फोडणीत शिजलेली डाळ पडल्यावर, चिंचेचा कोळ आणि गुळाबरोबर घालायचा, वाटीभर डाळीला दीड चमचा, मग पाच-सात मिनिटं उकळी. झाकण काढल्यावर वर तेलाचे बारीक तांबूस थेंब तरंगताना दिसले की आमटी झाली. फ्रीजबाहेर हा मसाला चार-पाच महिने टिकतो, फ्रीजमध्ये जरा जास्त. आधी खवट होतं ते खोबरं. बरणी उघडताच जुन्या तेलासारखा वास आला तर मसाला पुन्हा भाजून काही उपयोग नसतो. ज्यांच्याकडे मसाला कमी लागतो त्यांनी खोबरं-तीळ न घालता बाकीचा दळून ठेवावा आणि महिन्यापुरतं खोबरं-तीळ भाजून त्यात मिसळत जावं.